ऊन सर्वांना, चटके कोणाला?



गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर जयंतीच्या मिरवणुकीची वेळ ठरविण्यास बैठक बसली. नेहमीप्रमाणे दुपारी बाराला निघावे, असे आम्हीच सुचविले. तोच एक वयस्क उपासिका उठल्या. "गेल्या साली माझी सून कडेवरच्या लेकरासकट चक्कर येऊन पडली. तीच वेळ ठेवणार असाल तर आम्ही बाया येणार नाही!"

त्यावर कॉलेजात शिकणारा एक तरुण म्हणाला, "आजी, चैत्राचं ऊन काय आजचं आहे? पृथ्वी पूर्वीही तापली होती. उलट थंडीनेच माणसं जास्त मरतात. तापमानवाढीचा उगाच बाऊ करतात."

मिरवणूक राहिली बाजूला, वाद मात्र रंगला. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही कालाम सुत्तातील तथागतांची शिकवण. म्हणून त्या मुलाचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही.

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब स्वीडनच्या आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच मांडला होता. ही ऊब थंड देशांना सुखाची होईल, असे त्यालाही वाटे. थंडीचे बळी अधिक, हेही अभ्यासातून दिसते. परंतु पृथ्वी याहून फार तापलेली होती त्या युगात शेती नव्हती, शहरे नव्हती, पत्र्याची घरे नव्हती. शिवाय थंडीत गोधडीवर गोधडी घेता येते. उन्हात कातडी काढून ठेवता येत नाही.

शरीर घामाने थंड होते. हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि ताप आतच साठतो. वर्तमानपत्रात छापला जाणारा आकडा तर सावलीतल्या, झडपांच्या पेटीतल्या तापमापकाचा असतो. नाक्यावर उभा असलेला मजूर, रस्ता झाडणारी सफाई कामगार भगिनी, भाजीची पाटी घेऊन बसलेली मावशी यांच्या डोक्यावरचे ऊन त्या आकड्यात येत नाही.

२००३ साली युरोपात उष्णतेने सुमारे ७० हजार माणसे दगावली. २०२२ चा मार्च आपल्या देशात १९०१ पासूनचा सर्वांत तप्त मार्च ठरला. गहू होरपळला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. आणि दूर कशाला? १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या समारंभात उन्हाने १४ जीव घेतले. जयंतीनंतर अवघ्या दोन दिवसांनी!

कार्यकारणाशिवाय काही घडत नाही, असे आपला धम्म सांगतो. कोळसा आणि तेल जाळून हवेतील कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० वरून ४२० च्या वर गेला, हे कारण. अमेरिकेचा माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारताचा सुमारे २ टन. त्यातही झोपडीतल्याचा वाटा किती? ज्याने कमी जाळले त्यालाच जास्त चटके! हे नशीब नव्हे, अन्याय आहे. आणि कारण माणसाने केलेले असेल, तर ते माणसालाच दूर करता येईल.

१९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कामगाराच्या शरीराला मर्यादा असते, हे त्यांनी जाणले होते. मग उन्हात राबणाऱ्यांना भर दुपारी सुट्टी, सावली आणि पिण्याचे पाणी मागणे हेही त्यांच्याच वाटेवरचे पाऊल नव्हे काय? अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. आपल्या नगरपालिकेला तसा आराखडा मागण्याचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. सह्या हव्या आहेत.

मिरवणुकीचे म्हणाल, तर आमची सूचना आम्हीच मागे घेतली. यंदा मिरवणूक सायंकाळी साडेपाचला निघेल. दर वळणावर पाण्याचे पिंप राहील, मीठ-साखरेचे पाणी वेगळे ठेवले जाईल. पाण्याची जबाबदारी त्या तरुणाने स्वतःहून मागून घेतली. ज्या समाजाने महाडला पाण्यासाठी लढा दिला, त्याच्या मिरवणुकीत लेकरू तहानेने पडता कामा नये.

नमो बुद्धाय! जयभीम!