पुडीत काय आहे?



बोर्डो मिश्रण कसे करावे हे आता तुम्हाला सांगावे लागत नाही. 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये, मग दोन्ही द्रावणे एकदमच तिसऱ्या पिंपात. लोखंडी विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी वाढवायची. आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. मोसंबीच्या झाडासाठी आपण एवढी चौकशी करतो आणि स्वतःच्या पोटात जाणाऱ्या मिश्रणाबद्दल मात्र एक शब्दही विचारीत नाही. तुम्हाला नावे ठेवण्यापूर्वी माझ्याच घरची गोष्ट सांगतो.

आमच्या थोरल्या अक्कांचे गुडघे धरले होते. बाजारच्या गावी एका दवाखान्यात कागदाच्या पुड्या मिळत. दोन-तीन रंगांच्या गोळ्या कुटून केलेल्या. पहिल्या आठवड्यातच अक्का खुरपायला जाऊ लागल्या. घरात त्या डॉक्टरांचे कोण कौतुक! अडीच वर्षे पुड्या चालल्या. चेहरा गोल झाला, तेव्हा आम्ही म्हणालो, अक्कांची तब्येत सुधारली. मी बी.एस्सी. झालेला माणूस, पण मलाही शंका आली नाही.

2019 च्या पावसाळ्यात रस्ता बंद पडला आणि पुड्या संपल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी अक्कांना उलट्या सुरू झाल्या, उभे राहिले की चक्कर येई. तालुक्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "औषध कोणते चालू होते?" मी म्हणालो, "पुड्या." "पुडीत काय होते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. फवारणीने विषबाधा झाली तर डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा, असे मी गावोगाव सांगत हिंडतो. आणि त्या दिवशी मी रिकाम्या हाताने उभा होतो.

डॉक्टरांनी लक्षणांवरून ओळखले की पुडीत स्टेरॉईड असावे, आणि तसे उपचार केले म्हणून अक्का वाचल्या. रक्तातली साखरही वाढलेली निघाली.

स्टेरॉईड हे काही विष नव्हे. दम्याला, सांध्यांच्या काही आजारांना ते लागते, कधी जीवही वाचवते. पण महिनोन् महिने नकळत पोटात गेले तर साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. शिवाय शरीर स्वतः तसे द्रव्य तयार करते, ते काम मंदावते. मग औषध एकाएकी थांबले की अक्कांसारखी गत होते. म्हणून हा लेख वाचून कोणी पुड्या उकिरड्यावर टाकू नका! पुडी घेऊन चांगल्या डॉक्टरांकडे जा. कमी कसे करायचे ते तेच ठरवतील.

पुडी म्हटली की वाईटच, असेही मला म्हणायचे नाही. आमच्या लहानपणी कंपाउंडर बाटलीत लाल मिक्श्चर भरून देई. बाटली घरून न्यायची, तिला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. आजही तान्ह्या मुलाला मोठ्यांच्या गोळीचा अंश द्यावा लागतो, त्वचेसाठी मलम मिसळून द्यावे लागते. डॉक्टरांनी आपल्या रुग्णाला स्वतः औषध देणे कायद्यालाही मान्य आहे. पण चिठ्ठीवाचून न मिळणारी औषधे देताना त्यावर डॉक्टरांचे नाव-पत्ता आणि डोस असावा, काय दिले त्याची वहीत नोंद असावी, अशी अट आहे. तेव्हा विचारले म्हणजे आपण उद्धटपणा केला, असे मनात आणू नका.

अक्का आता कशा विचारतात ते ऐका. "डॉक्टरसाहेब, गुण येतोय. पण अडचणीला दुसरीकडे दाखवावं लागलं तर काय सांगू? तेवढं नाव लिहून द्या." यावर रागावणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. कोणी रागावलेच, तर दुसरा दवाखाना शोधावा.

डॉक्टरांचीही एक तक्रार आहे आणि ती खरी आहे. तालुक्याचे डॉक्टर मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमची माणसं वैदूचं भस्म लपवतात, बीपीची गोळी सांगत नाहीत, सून पोटुशी आहे हे सासू सांगू देत नाही. मी काय मिसळू आणि काय नको?" औषधावर औषध पडले की काय होते, हे दोन कीटकनाशके एका पंपात घालून पीक करपलेल्या माणसाला सांगायला नको. घरात चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठले असेल तर तेही सांगावे.

मुलांच्या औषधाबद्दल एक सांगायचे राहिले. बाटलीतल्या भुकटीत उकळून गार केलेले पाणी घालून औषध करायचे असते, ते खुणेपर्यंतच घालावे. असे कालवलेले औषध साधारण सात दिवस टिकते. किती दिवस व कुठे ठेवायचे ते बाटलीवर छापलेले असते. उरलेले पुढच्या तापासाठी ठेवू नये. घरातला चहाचा चमचा मापाला घेऊ नका, बाटलीबरोबरचे झाकण घ्या.

अक्कांच्या चिठ्ठ्या आता देवघराच्या कोनाड्यात, सातबाराच्या पिशवीत असतात. परवा नातवाने एक चिठ्ठी जहाज करायला घेतली, तर त्याला रट्टा बसला.

तुरीवरील शेंगअळीबद्दल बऱ्याच जणांनी विचारले आहे. ते पुढील अंकी.