झेंडूची राखण कोणी करायची?

"आपा, झेंडू लावला की कीड फिरकत नाही म्हणतात ना? मग माझा झेंडूच कोणी खाल्ला?"

पालकसभेत एका विद्यार्थिनीच्या अम्मीनं हे विचारलं आणि मुलीच्या गुणांचा विषय मागे पडला. आमच्या न्हावा शेव्याकडे अंगण फार थोड्या घरांना उरलंय. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत गॅलरीतच टोमॅटो, मिरची, पुदिना वाढतो आणि राखणीला कोपऱ्यात एक गोंडा, म्हणजे झेंडू असतो. त्यामुळे हा प्रश्न पुष्कळ भगिनींचा असणार, असं समजून या महिन्याचं पान त्यालाच देते.

खाणारी बहुतेक वेळा एकच असते, फळं पोखरणारी अळी. हरभऱ्यावर आली की तिला घाटे अळी म्हणतात, कापसावर गेली की अमेरिकन बोंडअळी. (नाव अमेरिकन, पण ती मूळची आशिया-आफ्रिकेकडचीच. उलट 'आफ्रिकन झेंडू' मेक्सिकोकडून आलेला. नावांवर विश्वास ठेवू नये तो असा.) थंडीत पोपटीसाठी वालाच्या शेंगा निवडताना भोक पडलेली शेंग सोलली की आत पुष्कळदा हीच निघते. तिचा पतंग रात्री येतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. मादी शेकडो अंडी घालते, पण ढीग करून नव्हे. एकेक, सुटं सुटं, कोवळ्या कळ्यांवर. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि कळीत शिरते. हिरवी, तपकिरी, पिवळसर, कुठल्याही रंगाची असू शकते. पिवळ्या फुलातली पिवळट अळी तर चष्मा लावूनही सापडत नाही. कळीला गोल भोक आणि खालच्या पानावर लेंड्या, ही तिची खूण.

झेंडूचा उग्र वास आपल्या नाकाला तिखट लागतो, म्हणून किड्यालाही लागत असेल, असं आपण धरून चालतो. या पतंगाला मात्र झेंडू टोमॅटोपेक्षा जास्त आवडतो. शेतकरी टोमॅटोच्या शेतात झेंडू लावतो तो याच कारणानं. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं याचं प्रमाणही ठरवून दिलं आहे: टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक. याला सापळा पीक म्हणतात. झेंडूची ओळ म्हणजे अळीसाठी वेगळा मांडलेला दस्तरखानच. पाहुणे तिथं जमले की शेतकरी रोज त्या ओळीतून फिरतो, अळ्या वेचतो, किंवा फक्त त्या अळीला रोग आणणारा विषाणू संध्याकाळी फवारतो. वेचणारं कोणी नसेल तर हाच झेंडू अळ्यांचा पाळणा होतो. अळी मोठी झाली की मातीत उतरून कोष करते, आणि पुढचे पतंग आपल्याच बादलीतून उडतात.

गॅलरीत नेमकं हेच होतं. झेंडू लावला, आता काळजी नाही, म्हणून कोणी बघतच नाही.

मग या समजुतीत काहीच खरं नाही का? आहे, पण ते जमिनीखाली आहे. टोमॅटो, वांग्याच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी असतात, डोळ्यांना न दिसणारे. झेंडूच्या मुळांत त्यांना मारणारं द्रव्य असतं. डच संशोधकांनी ते १९५८ मध्ये दाखवून दिलं. पण त्यासाठी त्या जागेत दोन-तीन महिने दाट झेंडूच घ्यावा लागतो. शेजारच्या बादलीतला एकटा झेंडू टोमॅटोच्या मुळांना काय वाचवणार?

खरी भीती मला पुढच्या पायरीची वाटते. झेंडू हरला की घरातला झुरळांचा फवारा बाहेर येतो. शेजारच्याच बादलीत पुदिना असतो, आणि तो दुपारी चटणीत जातो. तो फवारा खायच्या रोपांसाठी बनवलेलाच नाही. किती दिवस थांबून खायचं, हे डब्यावर कुठून लिहिलेलं असणार? शिवाय त्यानं लाल कोळी वाढतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात झेंडूची पानं राखाडी, ठिपक्याठिपक्यांची होतात, खाली बारीक जाळी दिसते, ते हेच. फवाऱ्यानं कोळ्यांना खाणारे किडे आधी मरतात आणि कोळी मोकाट सुटतात. पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याची जोरदार धार मारा, दोन-तीन दिवसांआड. तेवढं बहुधा पुरतं.

गंमत अशी की, अशा बऱ्याच फवाऱ्यांतली औषधं शेवंतीच्या एका नातेवाईक फुलातल्या विषाची नक्कल करून बनवलेली आहेत. आणि आपल्या कुंडीतली शेवंती बघा, काळ्या माव्यानं शेंडे भरलेले! रेहान, म्हणजे आपला सब्जा, तोही डासांना पळवतो असं सांगतात. त्याच्याही पानांचा रस शोषणारा एक जाळीदार पंखांचा ढेकूण आहेच.

पावसाळ्यात आणखी एक गिऱ्हाईक येतं, मोठी आफ्रिकन गोगलगाय. १८४७ साली एका इंग्रजानं ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि ती देशभर पसरली. आज आमच्या बंदरात परदेशी लाकूड-बियाण्याच्या तपासणीचा कायदा आहे. तेव्हा कोण विचारणार होतं? झेंडूची कोवळी रोपं ती एका रात्रीत बुडख्यापासून साफ करते. तिला उघड्या हातानं धरू नका, पिशवी हातात घालून उचला, आणि कुंडीत मीठ टाकू नका. गोगलगाय मरेल, पण माती बिघडेल.

तर झेंडू जरूर लावा, पण सकाळच्या चहाआधी पाच मिनिटं त्याच्यासाठी ठेवा. भोक पडलेली कळी तोडून साबणाच्या पाण्यात टाका. झेंडूची फुलं टोमॅटोच्या फुलांबरोबर यायला हवीत, म्हणून लावणीच्या वेळी झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं असावं. म्हणजे झेंडूचं बी आज पेरलंत, तर टोमॅटोचं वीस दिवसांनी.