माहिती वर जाते, इलाज खाली येत नाही

‘डॉक्टरने पाड्यावर जायची गरज आता उरली नाही, पाडाच डॉक्टरच्या पडद्यावर आला आहे,’ असा सिद्धान्त परवा एका वक्त्याने ठणकावून मांडला. मोबाईल घरोघर पोचले, आरोग्य-ओळखीचे चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक निघाले, कुपोषित बाळाची नोंद थेट दिल्लीत दिसू लागली. म्हणजे शहर आणि आदिवासी पाडा यांच्या आरोग्यातली दरी बुजल्यातच जमा आहे! जो हे मानत नाही तो प्रगतीचा वैरी. मी हे मानत नाही.

रेंज नसते, वीज जाते, हँडसेट जुने होतात. हे आक्षेप खरे असले तरी पैशाने सुटणारे आहेत. रुग्णाची खासगी माहिती कोणाकोणाच्या हाती जाते, हा प्रश्न मोठा आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल. माझा आक्षेप मुळावरच आहे. ही यंत्रणा माहिती मागणाऱ्याच्या सोयीने उभी राहिली, आजारी माणसाच्या सोयीने नाही.

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काय चालतं ते पाहा. अंगणवाडी सेविका बाळाचं वजन करते, उंची मोजते, रजिस्टरात लिहिते आणि तेच सगळं पुन्हा ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपमध्ये भरते. बाळ तीव्र कुपोषित निघालं तर ते तालुक्याला कळतं, जिल्ह्याला कळतं, मुंबई-दिल्लीला कळतं. सेविकेला ते सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं, बाळाच्या काटकुळ्या दंडावरून. तिला हवं असतं पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत न्यायला वाहन, तिथं रिकामी खाट आणि बाळासोबत राहणाऱ्या आईच्या बुडत्या मजुरीची भरपाई. ॲपमधून यातलं काहीच खाली येत नाही. खाली येतो तो फोन: ‘तुमची नोंद अपुरी आहे, आजच्या आज भरा.’

त्यात १ जुलै २०२५पासून घरपोच आहारासाठी चेहरा-पडताळणी सक्तीची झाली. आधी आधारची केवायसी, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, मग कॅमेऱ्यापुढे चेहरा. घरातला तो एकुलता मोबाईल असतो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा गेलेला असतो गुजरातेत ऊसतोडीला. आई बाळाला कडेवर घेऊन अंगणात उभी, सेविका फोन उंच धरून रेंज शोधतेय, आणि ओटीपी वाजतो शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडात. बोगस लाभार्थी गाळायला हे करावंच लागतं, असं उत्तर मिळतं. गळतीच थांबवायची असेल तर ठेक्यांपासून आणि गोदामांपासून सुरुवात करा. ज्या बाईला सेविका जन्मापासून ओळखते, तिच्याकडे चेहऱ्याचा पुरावा कसला मागता?

हे भांडण जुनंच आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. इंग्रजी ॲप आणि दोन जीबीचा कुचकामी फोन, ही त्यांची तक्रार होती. तेव्हाही ‘बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही’ असं म्हणणारे निघाले. त्याआधी उपग्रहावरून टेलिमेडिसिन आली, तेव्हा अशाच एका वादात मी विचारलं होतं की पडद्यावरच्या तज्ज्ञाने लिहून दिलेलं इंजेक्शन टोचणार कोण? उत्तर तेव्हा आलं नाही, आजही येत नाही.

गडचिरोलीने ते उत्तर केव्हाच दिलं आहे. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला अभ्यास वाचा. ३९ गावांतल्या चार बुकं शिकलेल्या बायकांना वजनकाटा-थर्मामीटर वापरायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं; तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. नोंदी तिथंही काटेकोर होत्या. पण जिने नोंद केली तिच्याच हातात औषध होतं.

हेच सूत्र धरून मी संगणकाची बाजू घेतो. पडद्यावरून डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारची ‘ई-संजीवनी’ जिथं उपयोगी पडते तिथं पडद्याच्या अलीकडे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो. तो नाडी बघतो, गोळ्या देतो. असंच बाकीचं उभं करा. नोंद एकदाच आणि रेंज नसतानाही व्हावी. पावरी-भिलीत बोलणारं ॲप द्या. जोखमीच्या गरोदर बायांची यादी दर आठवड्याला आशाताईच्या फोनवर परत यावी, आणि त्या यादीतल्या बाईसाठी गाडी कोण पाठवणार त्याचं नाव आणि नंबर तिथंच असावा. पुढच्या ॲपची निविदा निघण्याआधी त्या ॲपचा मसुदा धडगावच्या सेविकांसमोर ठेवा आणि त्या जे खोडतील ते खोडा.

हे व्हायला वेळ लागेल. पण ओटीपी आला नाही म्हणून एकाही बाळाचा आहार रोखू नये, एवढा लेखी आदेश सरकारने आजच काढावा.