अभिनयाची उमेदवारी : प्रतीक्षेच्या वर्षांचा खर्च कोणाचा?

नवी दिल्ली येथे २३ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रदान करण्यात आले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी यांना विभागून मिळाला. दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या असल्या तरी दोघांचीही सुरुवात दूरचित्रवाणी मालिकांतून झाली, याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शाहरुख खान यांना १९८९ मध्ये दूरदर्शनच्या 'फौजी' मालिकेने ओळख दिली आणि १९९२ मध्ये 'दीवाना' प्रदर्शित झाला. म्हणजे मधली वर्षे अवघी तीन. मॅसी 'धरम वीर', 'बालिका वधू' अशा मालिकांमधून घरोघरी पोहोचले होते. परंतु २०१३ मधील 'लुटेरा'त त्यांना दुय्यम भूमिका मिळाली आणि प्रमुख नट म्हणून सर्वमान्यता मिळण्यास आणखी दहा वर्षे जावी लागली. मालिकांतील चांगली मिळकत सोडून चित्रपटांकडे वळल्यानंतरच्या ओढाताणीविषयी त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे.

ही मधली वर्षे हाच उदयोन्मुख कलावंतांच्या कारकिर्दीतील खरा प्रश्न आहे. गुणवत्ता, चिकाटी, नशीब यांची चर्चा नेहमीच होते. या काळात घरभाडे कोण भरत होते, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

इरफान खान यांचे उदाहरण घेता येईल. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडल्यावर १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'मध्ये त्यांना छोटी भूमिका मिळाली. 'हासिल' आला २००३ मध्ये. या पंधरा वर्षांत 'चाणक्य', 'चंद्रकांता' अशा मालिकांनी त्यांना काम दिले. त्याच विद्यालयातून १९९६ मध्ये पदवी घेतलेले नवाजुद्दीन सिद्दीकी १९९९ च्या 'सरफरोश'मध्ये क्षणभर दिसतात आणि प्रेक्षकांना त्यांचे नाव ठाऊक होते ते २०१२ मध्ये, 'गँग्ज ऑफ वासेपूर'मुळे. याच चित्रपटाने पंकज त्रिपाठी यांचाही परिचय करून दिला. २००४ मध्ये मुंबईत आल्यापासून तोपर्यंतच्या आठ वर्षांत आपले घर शिक्षिका असलेल्या पत्नीच्या पगारावर चालले, हे त्रिपाठी यांनी अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे. पुढे 'मिमी'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या पुरस्कारामागे एका शाळेच्या वेतनपत्रकाचाही वाटा आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

अपयश पचवण्यासाठीही आर्थिक बळ लागते. मल्याळी अभिनेते फहाद फासिल यांचा २००२ मधील पहिला चित्रपट साफ कोसळला. त्याचे दिग्दर्शक त्यांचे वडील फाजिल हेच होते. फहाद शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि २००९ मध्ये 'केरळ कॅफे'तून परतले. आज ते देशातील अव्वल नटांमध्ये गणले जातात, ते त्यांच्या कर्तृत्वामुळेच. पण पहिला चित्रपट पडल्यानंतर सात वर्षांनी पुन्हा उभे राहण्याची मुभा किती तरुणांना मिळते? तमिळनाडूचे विजय सेतुपती यांनी दुबईत हिशेबनिसाची नोकरी केली. चेन्नईत परतल्यावर 'कूत्तुपट्टरै' या नाट्यसंस्थेत ते दाखल झाले तेही हिशेब ठेवण्यासाठी. तालमी पाहत, किरकोळ भूमिका करत २०१० मध्ये ते नायक झाले. त्यांचा प्रतीक्षाकाळ त्यांनी स्वतःच कमावून भरला.

पूर्वी या काळाचा काही भार संस्था उचलत असत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची व्यावसायिक नाट्यमंडळी १९६४ मध्ये सुरू झाली. तेथे नटाला मासिक वेतन मिळते आणि वर्षभर निरनिराळ्या नाटकांत काम करावे लागते. कर्नाटकात नीनासमची 'तिरुगाट' ही फिरती मंडळी १९८५ पासून गावोगाव प्रयोग करत आली आहे, तर म्हैसूरचे 'रंगायण' राज्य सरकारच्या पाठबळावर उभे राहिले. दूरदर्शनचेही ऋण मोठे आहे. मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील यांना श्याम बेनेगल यांनी हेरले आणि १९७५ च्या 'चरणदास चोर'मधून त्या पडद्यावर आल्या. ओम पुरी यांचे चित्रपटातील पदार्पणही मराठीतच, 'घाशीराम कोतवाल'मधून, १९७६ मध्ये झाले. तो चित्रपट तरुण कलावंत-तंत्रज्ञांच्या सहकारी संस्थेने काढला होता.

महाराष्ट्राची परंपरा स्पर्धांची आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून महाविद्यालयीन कलावंतांना रंगमंच देत आला असून राज्य नाट्य स्पर्धा तर त्याहूनही जुनी आहे. मराठी रंगभूमीला व चित्रपटाला या स्पर्धांनी किती नट दिले, याची गणती करणे कठीण. मात्र स्पर्धा नट शोधून देते, त्याचा निर्वाह करत नाही. करंडक जिंकल्यानंतर त्याच्यापुढे उरते ती व्यावसायिक नाटकाची 'नाईट', म्हणजे प्रयोगागणिक मिळणारे मानधन. प्रयोग रद्द झाला की तेही नाही. म्हणूनच बहुतेक जण दैनंदिन मालिकांकडे वळतात.

मालिका हा आजचा सर्वात मोठा रोजगार आहे, पण तो सुरक्षित नाही. दिवसाचे बारा-बारा तास चित्रीकरण आणि मानधन हाती पडते ते सुमारे ९० दिवसांनी, अशी या व्यवसायातील जुनी रीत. २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबले तेव्हा या रीतीचा चटका सर्वाधिक बसला तो नवोदितांना. मानधन लवकर मिळावे ही मागणी कलावंतांच्या संघटनेने त्यानंतर लावून धरली. शिवाय मालिकेत चेहरा जितका लोकप्रिय, तितका तो चित्रपटासाठी 'जुना' समजला जातो. मॅसी यांच्यासारख्यांना तो शिक्का पुसावा लागला.

निवडीची पद्धत मात्र काही अंशी सुधारली. 'बँडिट क्वीन'साठी तिग्मांशू धुलिया यांनी पात्रनिवडीचे काम केले तेव्हा हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. आज वर्सोव्याच्या आरामनगरात अशा कार्यालयांची वसाहतच आहे आणि नाशिक किंवा नागपूरचा तरुण भ्रमणध्वनीवर चित्रित केलेली चाचणी घरबसल्या पाठवू शकतो. ओळखीचे महत्त्व त्यामुळे घटले. परंतु समाजमाध्यमांवर अनुयायी किती, हा प्रश्न आता भूमिकेआधी विचारला जाऊ लागला आहे. अनुयायी जमवण्यासाठीही वेळ लागतो, कॅमेरा लागतो, कपडे लागतात. दारातील जुना पहारेकरी हटला आणि त्याच्या जागी नवा बसला, एवढाच याचा अर्थ.

२०२५ च्या याच पुरस्कारांत उत्कृष्ट बालकलाकाराचा मान पाच मुलांना विभागून मिळाला. त्यांतील चार मराठी चित्रपटांतील आहेत. तिघे 'नाळ २'मधील, एक 'जिप्सी'मधील. 'सैराट'साठी विशेष उल्लेख मिळाला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू शाळेतच होती. या चौघांपैकी कोणी पुढे अभिनयच करायचे ठरवले, तर विसाव्या-बाविसाव्या वर्षी त्यांच्यापुढे वेतन देणारी नाट्यमंडळी असेल की ९० दिवसांनी येणारा धनादेश, याचे उत्तर सध्या तरी त्यांच्या पालकांच्या मिळकतीवर अवलंबून आहे.