खनिजाची पारख शेतकऱ्यासही हवी

आपल्या शेतकऱ्यास बी पारखता येते, बैल पारखता येतो. दातांवरून त्याचे वय व चालीवरून स्वभाव तो बिनचूक सांगेल. परंतु पोत्यात भरून आलेले खनिज ओळखावयाचे म्हटले की तो विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहतो. हे अज्ञान किती महाग पडते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकास आला आहे. तो वाचकांपुढे ठेवणे मी कर्तव्य समजतो.

महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर मी वडिलार्जित चोपण जमीन सुधारण्याचे मनावर घेतले. अशा जमिनीत सोडियमचा जोर असतो. जिप्सममधील कॅल्शियम त्याची जागा घेते व सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निचऱ्यावाटे निघून जातो. म्हणून एका विक्रेत्याकडून जिप्समची पोती आणली, शेतात पसरली, चरही खणविले. हंगाम गेला, जमीन होती तशीच राहिली.

शेवटी उरलेल्या पोत्यातील एक खडा घेऊन त्यावर नख ओढले. ओरखडा उठेना, लोखंडी खिळ्याने मात्र सहज उठला. भुकटीवर लिंबू पिळले, तो फसफसून फेस आला. माल जिप्सम नव्हता, चुनखडीचा चुरा होता! चोपण जमिनीत चुनखडी जवळजवळ विरघळतच नाही. मग तिच्यातील कॅल्शियम सोडियमला हलविणार कसे? एका लिंबाची परीक्षा मी आधी केली नाही, याचा दोष विक्रेत्याइतकाच माझाही आहे.

खनिज म्हणजे निसर्गात आपोआप घडलेला, ठराविक रासायनिक घटक व अणूंची ठराविक मांडणी असलेला घन पदार्थ. खडक म्हणजे बहुधा अशा अनेक खनिजांची मोट. आपला काळा पाषाण हा खडक होय; विहीर खणताना त्याच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट ही खनिजे होत. चुनखडी ही मुख्यतः कॅल्साइटचीच बनलेली असते. घटक व मांडणी ठराविक, म्हणून गुणही ठराविक. आणि म्हणूनच पारख शक्य होते.

रंगावर मात्र भरवसा ठेवू नये. जिप्सम, कॅल्साइट व गारगोटी ही तिन्ही पांढरी असू शकतात. पहिली परीक्षा काठिण्याची. 1812 साली फ्रीड्रिख मोस या जर्मन पंडिताने दहा खनिजांची चढती श्रेणी लाविली. तीत संगजिरे 1, जिप्सम 2, कॅल्साइट 3, गारगोटी 7 व हिरा 10. आपले नख सुमारे अडीचाचे, काच साडेपाचाच्या आसपासची. तेव्हा नखाने ओरखडते ते जिप्सम असू शकेल, कॅल्साइट नव्हे. आणि काच ओरखडली एवढ्यावरून विहिरीतील चकाकता खडा हिरा ठरत नाही, गारगोटीही काच ओरखडते. दुसरी परीक्षा फुटण्याची: कॅल्साइट तिरप्या ठोकळ्यांत फुटते, गारगोटीच्या शिंपल्यासारख्या वळणदार कपच्या उडतात. तिसरी रेघेची: खनिज फरशीच्या खरबरीत पाठीवर घासावे. हेमॅटाइट काळे दिसले तरी रेघ तांबडी उमटते. सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइटची रेघ हिरवट काळी. चौथी अम्लाची, ती वर सांगितलीच.

कोणी म्हणतील, यासाठी प्रयोगशाळा आहेत. आहेत, आणि शंका असेल तेथे नमुना अवश्य पाठवावा. शेतीच्या जिप्सममध्ये थोडी चुनखडी मिसळलेली असू शकते. किंचित फेस आला एवढ्यावरून कोणास चोर म्हणू नये. नेमके प्रमाण प्रयोगशाळाच सांगेल. परंतु प्रयोगशाळेचा कागद हाती येईपर्यंत पैसे देऊन झालेले असतात. घरची परीक्षा पैसे देण्यापूर्वी होते, हाच तिचा मोठा गुण.

तरी आपल्या संघास माझी विनंती आहे की, कचेरीत एक लहान पेटी ठेवावी. तीत जिप्सम, कॅल्साइट व गारगोटी यांचे खात्रीचे तुकडे, एक खिळा, काचेचा तुकडा, फरशीचा तुकडा व व्हिनेगरची बाटली एवढे असले की पुरे. ज्याने त्याने आपल्या पोत्यातील मूठभर माल आणून ताडून पाहावा. खर्च नाममात्र आहे; माझ्याप्रमाणे एक हंगाम गमावण्यापेक्षा तर खचितच कमी.