सोलरच्या कोटेशनवर ‘लाइट गेल्यावर काय?’ हेही लिहा

2024 साली ‘पीएम सूर्यघर’ योजना आली आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यातही छपरांवर पॅनल दिसू लागली. 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, बिल उतरतं. योजना चांगलीच आहे. तक्रार आहे ती विक्रीच्या पद्धतीबद्दल. ‘सोलर बसवा, लाइटची चिंता मिटली’ असं सांगणारे एजंट इथे भेटतात, आणि माणसं त्यावर विसंबून सही करतात. मग एखाद्या दिवशी भर उन्हात लाइट जाते आणि सोलरवालं घरही शेजाऱ्याच्या घरासारखंच बंद पडतं.

यात बिघाड काहीच नसतो. साधी ऑन-ग्रिड यंत्रणा लाइट गेली की आपणहून बंद होते. तशी ती व्हायलाच हवी, नाहीतर तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीसाठी या योजनेत वेगळं अनुदान नाही, खर्च बराच वाढतो. मग भाव चढा दिसू नये म्हणून तो विषयच निघत नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इथल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घरातले नेहमीचे इन्व्हर्टर लवकरच संपले, कारण ते चार्ज करायलाही वीजच लागते. हायब्रिड यंत्रणेची बॅटरी दिवसा पॅनलवर भरते. पावसाळी आभाळात कमी भरते, पण भरते. म्हणून कोकणात बॅटरी ही चैन नव्हे. जिथे लाइट क्वचित आणि थोडाच वेळ जाते, त्या शहरांतल्या लोकांनी मात्र हा पैसा खुशाल वाचवावा.

बॅटरी किती मोठी, हे पॅनलच्या किलोवॉटवरून ठरवू नये. रात्री काय चालायला हवं ते आधी कागदावर मांडावं. फ्रिजला दिवसाला एक ते दीड युनिट, 30 वॉटचे तीन बीएलडीसी पंखे रात्रभर चालले तर जेमतेम एक, दिवे-मोबाइल-वायफायला अर्धा. म्हणजे एका कुटुंबाला 5 युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बऱ्यापैकी पुरते. स्वस्त म्हणून 12 व्होल्ट 150 एएचची लेड-अॅसिड गळ्यात मारली जाते. तिच्यावर हिशेबाने 1.8 युनिट असली, तरी ती टिकवायची तर निम्मीच वापरावी लागते. गिझर आणि एसी बॅटरीवर घेऊच नयेत. विहिरीची 1 एचपीची मोटर चालताना 750 वॉटहून जास्तच घेते, आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढते. तो धक्का इन्व्हर्टरला झेपतो का, हे आधी विचारावं, आणि टाकी दिवसाच भरून घ्यावी.

हे सगळं ग्राहकानेच शिकून घ्यावं, ही अपेक्षा चुकीची आहे. सूर्यघरच्या प्रत्येक कोटेशनवर दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: लाइट गेल्यावर ही यंत्रणा चालते की बंद होते, आणि चालत असेल तर कोणती उपकरणं, किती तास. बसवून झाल्यावर मेन स्विच पाडून ते मालकाला दाखवावं, आणि मगच त्याची सही घ्यावी. महावितरण आणि ऊर्जा खात्याने येत्या पावसाळ्याआधी हा नियम करावा, अशी आमची मागणी आहे.

— एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)