पावावरचा कुपा

वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला ‘रात्री काय जेवता?’ असे विचारले, की पेण असो वा रोहा, बहुधा एकच उत्तर मिळते. ‘काही नाही हो डॉक्टर, चहात दोन टोस्ट बुडवून खाते.’ सांगणाऱ्या आजींच्या स्वरात थोडे समाधानही असते, की आपला कोणाला त्रास नाही. त्या दोन टोस्टांतून जेमतेम तीन-चार ग्रॅम प्रथिने मिळतात. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे वृद्धांच्या आहाराचे अभ्यासक आता सांगतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना सुमारे ५५ ते ६५ ग्रॅम. दुपारच्या आमटीभाताने ही तूट भरून निघत नाही. मांड्यांचे स्नायू झिजतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि एखाद्या रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तोल जातो. खुब्याचे हाड मोडल्यावर घरात जी धावपळ उडते, तिचे मूळ कित्येकदा या चहा-टोस्टात असते.

आश्चर्य म्हणजे मासे खाणाऱ्या घरांतही हीच अवस्था आढळते. काट्यांची भीती वाटते, कवळी नीट बसत नाही, कालवणाचे तिखट सोसत नाही आणि रात्री भाकरी चावत बसण्याचा कंटाळा येतो. अशा घरांसाठी आज एक सोपा पदार्थ सुचवतो. परगावी असलेल्या नातवंडांनी त्याचे ‘ट्यूना मेल्ट’ हे नाव घरात आणलेही असेल. पावाच्या एका कापावर शिजवलेल्या ट्यूनाचे मऊ मिश्रण पसरायचे, त्यावर चीज किसून वितळवायचे आणि वर दुसरा काप ठेवायचा नाही. ट्यूना म्हणजे कोणी परका मासा नव्हे, आपल्या कोळणींच्या पाटीतला कुपाच तो. वरचा काप नसणे हा माझ्या दृष्टीने या पदार्थाचा मोठा गुण आहे. घासाची उंची निम्मी होते, कवळी असलेल्या जबड्याला फार उघडावे लागत नाही आणि सुरीने तुकडे करून सावकाश खाता येते.

दोघांसाठी दीडशे ग्रॅम कुपा पुरतो. कातडी आणि मधला काळपट लाल भाग काढून टाकावा, उग्र वास त्यालाच असतो. चिमूटभर हळद, आल्याचा तुकडा आणि दोन आमसुले घातलेल्या पाण्यात तुकडे आठ-दहा मिनिटे शिजवावेत. निवल्यावर बोटांनी कुस्करावेत. येथे चमचा वापरू नये, कारण राहिलेला काटा बोटांनाच कळतो. त्यात दोन मोठे चमचे चक्का, बारीक चिरलेला अलिबागचा पांढरा कांदा, कोथिंबीर, मिरपूड आणि लिंबाचे चार थेंब मिसळावेत. घरी केलेल्या मेयोनीजमध्ये कच्चे अंडे असते, म्हणून वृद्धांसाठी चक्काच बरा. तव्यावर पावाचे चार काप एका बाजूने शेकून उलटावेत, शेकलेल्या बाजूवर मिश्रण पसरावे, वर चीजच्या एका क्यूबचा कीस घालून झाकण ठेवावे. मंद आचेवर तीन-चार मिनिटांत चीज वितळते. मीठ वेगळे घालू नये, पाव आणि चीज या दोहोंत ते भरपूर असते. प्रत्येकी दोन कापांतून साधारण २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. स्लाइस ब्रेड नको असेल तर बेकरीतला लादीपाव आडवा चिरून घ्यावा. तांदळाच्या मऊ भाकरीवरही हे मिश्रण छान लागते. मला स्वतःला तेच अधिक आवडते.

आता ‘माशाबरोबर दूधदही?’ ही शंका. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे आणि त्याने कोड येतो, अशी समजूत घरोघरी आहे. आधुनिक वैद्यकाला मात्र कोडाचा असा काही संबंध आढळलेला नाही. तरीही आजींचे मन मानत नसेल तर आग्रह करू नये. शंकेने खाल्लेला घास अंगी लागत नाही. चक्का व चीज वगळून उकडलेले अंडे आणि बटाटा कुस्करून घालावा, काम भागते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कुपा, बांगडा, तारली हे मासे बर्फाविना काही तास राहिले, तर त्यांत जीवाणूंमुळे हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून वा गोठवून नाहीसे होत नाही आणि माशाला वास येईलच असे नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, तोंडात चुरचुरते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. ही माशाची ॲलर्जी समजून कित्येक जण जन्मभर मासे सोडतात. हृदयरोग्याचा रक्तदाब उतरला तर प्रकरण गंभीर होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा. पेण आणि रोहा ही गावे बंदरावर नाहीत. मासळी किनाऱ्यावरून टेम्पोने येते. म्हणून मावशीला ‘ताजा आहे का?’ यापेक्षा ‘बर्फातला आहे का?’ असे विचारावे. पिशवी स्कूटरला अडकवून बँक, किराणा, औषधांचे दुकान असा फेरा मारू नये. मासे सर्वांत शेवटी घ्यावेत आणि थेट घरी यावे.

क्षयरोगाचे उपचार चालू असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्या औषधांतील आयसोनियाझिडमुळे हिस्टामिनचा शरीरात निचरा होण्यास अडथळा येतो, चीजमधील टायरामिनचेही तसेच. उपचार संपेपर्यंत त्यांना कुपाही नको आणि चीजही नको. मूत्रपिंडाचा विकार किंवा गाऊट असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

पक्षाघात होऊन गेलेल्या, जेवताना ठसका लागणाऱ्या माणसाला पाव देऊच नये. त्याचा लगदा घशात चिकटतो, चीजची तारही अडकते. हेच मिश्रण चीजशिवाय आसट भातात कालवून, ताठ बसवून, लहान घासांनी भरवावे आणि पुढे अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा कुपा दुर्मीळ होतो. अशा दिवसांत डबाबंद ट्यूना चालतो. तेलातल्यापेक्षा पाण्यातला घ्यावा आणि निथळून एकदा साध्या पाण्याने धुवावा, म्हणजे मीठ कमी होते. फुगलेला डबा उघडूच नये. उघडलेल्यातला उरलेला ट्यूना काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. पेणच्या खारेपाटात ज्यांच्या शेततळ्यात जिताडा आहे, त्यांना डब्याचीही गरज नाही. जिताड्याचे पांढरे, सौम्य मांस या पदार्थात कुप्याहून सरस लागते. फक्त पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला तो मासा एखाद्या साध्या मंगळवारी आजोबांसाठी काढायला घरातल्यांची तयारी हवी.